मच्छरदाणीच्या जाळीचा टूटू

ताडकळसच्या पेठेत कल्याणराव हालगे यांचं मच्छरदाण्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक लांब फळी आणि छताच्या कड्यांना टांगलेले जाळीचे गठ्ठे. गाव त्यांना कल्याणअप्पा म्हणतं. वडील मच्छरदाण्या शिवायचे म्हणून अप्पाही शिवू लागले, आणि चाळीस वर्षांत त्यांनी दुसरं काही शिवलं नाही. एकदा एका गिऱ्हाइकाने उशीचा अभ्रा शिवून मागितला, तर अप्पांनी त्याला समोरच्या टेलरकडे पाठवलं. अलीकडे छत्रीसारख्या उघडमीट होणाऱ्या तयार मच्छरदाण्या बाजारात आल्या आणि अप्पांकडची वर्दळ ओसरली. त्याबद्दल ते कुरकुर करत नसत. कुणी विषय काढलाच तर, "त्याला धड कोपरे नसतेत," एवढं म्हणून गप्प बसत.

डिसेंबरातल्या एका सकाळी सिद्धोधन गुरुजींची मुलगी संघप्रिया दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. ती परभणीच्या एका कॉलेजात ड्रेस डिझाइनचा डिप्लोमा करायची आणि रोज एसटीने जा-ये करायची.

"अप्पा, जाळी पाहिजे. पांढरी. कडक असंल तर लय बरं."

"पलंग केवढा हाय?"

"पलंग न्हाई. अंगात घालायचीय."

अप्पांनी गळ्यातला टेप काढला आणि परत गळ्यात घातला. "कुणाच्या?"

"तेच अजून ठरलं न्हाई."

मग तिने फळीवर टेकून सगळं सांगितलं. वर्गात प्रोजेक्टसाठी चिठ्ठ्या काढल्या होत्या. जगातलं एक-एक वस्त्र प्रत्येकाला. त्याचा इतिहास लिहायचा, त्याचा फॅशनवर काय परिणाम झाला ते दाखवायचं, आणि ते वस्त्र स्वतः शिवून आणायचं. कुणाला पैठणी निघाली, कुणाला शेरवानी, कुणाला हिमरू शाल. संघप्रियाला टूटू निघाला. चिठ्ठ्या लिहिणाऱ्या पद्मजा मॅडमनाही तो आपण का लिहिला हे आठवेना, पण चिठ्ठी बदलायची नाही असा नियम त्यांनीच केला होता.

"टूटू म्हंजी?" अप्पांनी विचारलं.

तिने पिशवीतून एक झेरॉक्स काढली. एक बाई एका पायाच्या अंगठ्यावर उभी होती. तिच्या कमरेभोवती पांढरं, गोल, सपाट असं काहीतरी होतं, भाकरीच्या परातीएवढं. बॅले नावाच्या नाचाचा तो घागरा, असं संघप्रियाने सांगितलं. अप्पांनी कागद उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. बाईकडे त्यांनी फारसं बघितलं नाही.

"हे आडवं कसं राहिलं?"

"म्हंजी?"

"जाळी खाली पडती. टांगली की पडती. हे कशाला टांगलेलं न्हाई आन् पडायलं बी न्हाई."

"तेच तर कळंना, अप्पा. परभणीहून मऊ नेट आणून एकदा शिवलं. भिजल्या कोंबडीवानी दिसायलंय ते."

अप्पांनी झेरॉक्स घडी करून टेपच्या डब्यात ठेवली. "उद्या ये," ते म्हणाले. "समोरच्या टेलरला दावू नको."

दुसऱ्या दिवशी अप्पांनी मशीन दुकानातून घरी आणलं आणि काम ओसरीवर सुरू झालं. कॉलेजातून आल्यावर संघप्रिया तिथे येऊन बसायची, आणि अप्पांच्या बायको शिवम्मा दोघांना चहा देऊन स्वतः सुई-दोरा घेऊन बसायच्या. संघप्रियाने मोबाइलवरून मापं उतरवून घेतली होती. आत चड्डीसारखं एक अंग, त्यावर जाळीचे बारा थर. सगळ्यांत खालचा थर चार बोटांचा, त्यावरचा थोडा मोठा, असं करत सगळ्यांत वरचा थर सोळा इंच. अप्पांनी पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारला.

"मच्छरदाणीला एक थर पुरतो. ह्याला बारा कशाला?"

"खालचे अकरा वरच्याला उचलून धरतेत."

अप्पांनी मान हलवली. हे त्यांना पटलं.

त्यांच्याकडे सुती जाळी होती, जुनी, जाड विणीची. ती संघप्रियाने आणलेल्या नेटपेक्षा ताठ होती, पण पुरेशी नव्हती. शिवम्मांनी साबुदाण्याची खळ केली आणि एकेक थर खळीत बुडवून वाळवला. वरून तिसऱ्या थराच्या मधोमध अप्पांनी नेफा शिवला आणि त्यातून सायकलच्या ब्रेकची तार गोल फिरवून घेतली. मग थर एकमेकांना सैल टाके घालून जोडायचे होते. घट्ट टाके घातले तर थर चिकटून बसतात, टाके नसले तर बारा जण बारा दिशांना जातात. हे अप्पांना कुणी शिकवलं नाही. दोन दिवस उसवून-शिवून त्यांना ते कळलं.

शिवता शिवता संघप्रिया इतिहास वाचून दाखवायची. पाठ होईल म्हणून ती मोठ्यानं वाचायची, आणि अप्पा मशीनचं पायडल थांबवून ऐकायचे. जवळपास दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये एका नाचणारीने पिंढरीपर्यंत लांब, पांढरा, घंटेसारखा घागरा घातला. जाळीदार कापड इतकं हलकं की ती जमिनीवर नाहीच, असं बघणाऱ्यांना वाटलं. शहरातल्या बायकांनी आपापल्या शिंप्यांकडे तसलेच पांढरे झिरझिरीत झगे मागितले. पुढे नाचणाऱ्यांच्या पायांची करामत वाढली, तसा घागरा आखूड होत गेला.

"का?" शिवम्मांनी विचारलं.

"पाय दिसावेत म्हणून."

"कुणाला?"

"समोर बसलेल्यांना."

"समोर कोण बसायचं?"

"पैसेवाले, काकू."

शिवम्मांनी सुईत दोरा ओवला. "आन् टूटू हे नाव?"

संघप्रियाने वहीचं पान उलटलं आणि परत मागे घेतलं. "नक्की कुणालाच माहीत न्हाई. कुणी म्हणतेत, कापडाच्या नावावरनं पडलं. कुणी म्हणतेत, स्वस्तातल्या जागेवर खाली बसणाऱ्यांना नाचणारीचं मागचं अंग दिसायचं. त्याला तिकडं लहान लेकरं जे म्हणतेत, त्या शब्दावरनं."

"म्हंजी ढुंगण."

"हो काकू."

अप्पा चुण्या मोजत होते. त्यांनी त्या परत पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

एके दिवशी वाचताना संघप्रिया आगीच्या पानावर आली. त्या काळी नाटकगृहात गॅसचे दिवे असायचे, आणि हा जाळीचा घागरा दिव्याजवळ गेला की क्षणात पेटायचा. पुष्कळ मुली अशा भाजल्या. कापड पेटू नये म्हणून त्याला एक औषध लावायची युक्ती निघाली होती, पण त्यानं कापड कडक आणि पिवळं पडायचं. पॅरिसच्या एका तरुण नाचणारीने ते वापरायला नकार दिला. तालमीच्या वेळी तिचा घागरा पेटला.

"वाचली?" अप्पांनी विचारलं.

"आठ महिने जगली. मग गेली."

अप्पांचा पाय पायडलवर होता, पण मशीन चाललं नाही. ते म्हणाले, "आमचे वडील प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, मच्छरदाणीत पेटती चिमणी न्यायची न्हाई. गिऱ्हाईक पायरी उतरून गेलं, तरी मागनं वरडून सांगायचे. लोक हसायचे त्यांना."

"त्यांनी असं काही बघितलं होतं का?"

"इचारलं न्हाई मी कधी," अप्पा म्हणाले, आणि मशीन सुरू केलं.

प्रोजेक्टचा दुसरा भाग फॅशनचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसच्या मोठ्या शिंप्यांनी पार्टीच्या झग्यांखाली जाळीचे थर घातले, तिथून ते जगभर गेले, एवढं संघप्रियाला मोबाइलवर सापडलं होतं. पण पद्मजा मॅडमना स्थानिक पुरावा पाहिजे होता. संघप्रिया बाजारच्या दिवशी फ्रॉकवाल्याकडे गेली आणि लहान मुलींच्या वाढदिवसाचे फ्रॉक उलटे करून फोटो काढून आली. प्रत्येकात जाळीचे तीन-चार थर निघाले.

"तसलं आपल्या घरात बी हाय की," शिवम्मा म्हणाल्या. आतून त्यांनी सुनेची, महेश्वरीची, ट्रंक ओढत आणली. सून-मुलगा पुण्याला असतात. ट्रंकेत लग्नातला लेहंगा होता, आणि त्याच्या आत घालायचा जाळीचा फुगीर परकर. दुकानदार त्याला कॅनकॅन म्हणतात. तो नसला तर लेहंगा फुगत नाही, आणि लेहंगा फुगला नाही तर लग्नाचे फोटो चांगले येत नाहीत. अप्पांनी परकर हातात घेतला. सहा वर्षं आपल्या घरात दहा मीटर जाळी पडून आहे आणि आपल्याला पत्ता नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी आतली शिवण तपासली.

"टाका लय लांब टाकलाय," ते म्हणाले. संघप्रियाने तेही लिहून घेतलं.

टूटूचा घेर पुरा झाल्यावर तो घालून बघायला माणूस नव्हतं. संघप्रिया कॉलेजात होती, आणि अप्पांना घेर बसतो कसा हे लगेच पाहायचं होतं. शेवटी शिवम्मांनी पदर खोचला आणि नेसत्या लुगड्यावरूनच तो कमरेला बांधून घेतला. आतलं अंग अजून जोडायचं होतं, म्हणून ते जमलं. त्या ओसरीवर इकडून तिकडे चालल्या. थर हलत होते, पण पडत नव्हते. तेवढ्यात माणिकराव नावाचे गिऱ्हाईक आपली मच्छरदाणी न्यायला दारात आले. त्यांनी शिवम्मांकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं, मच्छरदाणी काखेत मारली आणि राम राम करून गेले. नवीन पद्धतीची मच्छरदाणी निघाली आहे, ती उभ्यानं घालायची असते, असं त्या आठवड्यात गावात बरेच जण बोलत होते.

"हात खाली सोडता येईनात," शिवम्मा म्हणाल्या. "असे बाजूलाच धरावं लागतेत. आन् कुणी जवळ बी येऊ शकत न्हाई." त्या आणखी एक फेरी मारून आल्या. "बसमधी लय कामाला येईल हे."

परीक्षेच्या आदल्या दिवशी खळ पक्की वाळावी म्हणून अप्पांनी टूटू अंगणात उलटा करून बाजेवर ठेवला. शेजारच्या कस्तुराबाईंच्या शेळीला साबुदाण्याचा वास लागला. अप्पा पाणी पिऊन बाहेर येईपर्यंत तिने वरच्या थराचा पाव हिस्सा खाल्ला होता. अप्पांनी तिला हाकललं नाही. हाकललं तर ती तोंडातलं ओढून नेईल, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कात्री आणली आणि तिच्या तोंडाजवळ जाळी कापली.

संध्याकाळी कस्तुराबाई आल्या. माफी मागायला नाही. मच्छरदाण्यांना हल्ली औषध लावतात असं त्यांनी ऐकलं होतं, तर शेळीला काही होईल का, हे विचारायला आल्या होत्या. अप्पांनी फक्त साबुदाणा असल्याचं सांगितलं. कस्तुराबाईंना बरं वाटलं.

संघप्रिया बाजेवर टूटूशेजारी बसून होती. पांढरी सुती जाळी संपली होती. दुकानात होती ती नायलॉनची आकाशी, जी ताडकळसमध्ये सगळ्यांत जास्त खपते.

"निळा टूटू असतो का?" अप्पांनी विचारलं.

"असतो. सगळ्या रंगांचे असतेत. पण खालचे अकरा पांढरे आन् वरचा निळा…"

"खालचे कुणाला दिसतेत?"

"तिकडं लोकं खालीच बसायची, अप्पा."

तरी दुसरा इलाज नव्हता. रात्रीच्या जेवणाआधी अप्पांनी आकाशी थर कापला, चुण्या घातल्या आणि जोडला. नायलॉनला खळीची गरज पडली नाही.

सकाळी तिघं एसटीत चढली: संघप्रिया, अप्पा आणि टूटू. टूटू उलटाच न्यायचा असतो, म्हणून अप्पांनी तो मांडीवर टोपलीसारखा धरला. त्याने दोन सीट अडवल्या. कंडक्टर तिकीट फाडत जवळ आला आणि थांबला.

"हे काय न्यायलाव, अप्पा?"

"मच्छरदाणी."

कंडक्टरने घेराकडे पाहिलं, मग आत डोकावून पाहिलं. "वरची पट्टी निळी काऊन लावली?"

"शेळीनं खाल्ली," अप्पा म्हणाले. कंडक्टरला एवढं पुरलं.

कॉलेजच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. कपडे पुतळ्यांना घालायचे होते, पण पुतळे चारच होते, आणि पैठणी, नऊवारी, शेरवानी व काश्मिरी फेरन सकाळी आठलाच येऊन त्यांवर चढले होते. संघप्रियाने थोडा वेळ विचार केला. मग ती आत जाऊन काळी लेगिंग आणि काळा टी-शर्ट घालून आली, वर टूटू चढवला आणि आपल्या टेबलाशेजारी स्वतःच उभी राहिली. बसता येत नव्हतं, म्हणून ती उभीच राहिली. वर्गातली काही मुलं हसली. थोड्या वेळाने त्यांचं हसणं थांबलं, कारण ती हलत नव्हती.

साडेअकराला सिद्धोधन गुरुजी शाळेतून अर्धी रजा टाकून मोटारसायकलवर आले. पुतळा असणार, असं त्यांना घरी सांगितलं गेलं होतं. दारातून त्यांनी मुलीला पाहिलं. ते आधी हिमरू शालीच्या टेबलापाशी गेले आणि तिथला मजकूर शेवटपर्यंत वाचला. मग मुलीच्या टेबलापाशी येऊन तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"मागनं एक दोरा लोंबायलाय," ते म्हणाले. खाली वाकून त्यांनी तो बोटाला गुंडाळला, तोडला आणि खिशात घातला. मग अप्पांना जयभीम करून त्यांच्याजवळ भिंतीला टेकून उभे राहिले.

परीक्षक बाई लातूरहून आल्या होत्या. त्यांनी आकाशी थर चिमटीत धरला. "ही तर मच्छरदाणीची जाळी."

"हो मॅडम."

"टूटूला ट्यूल नावाची बारीक जाळी लागते. हे वेगळं कापड."

संघप्रिया म्हणाली, "मॅडम, दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये जाळी विणायचं यंत्र निघालं. त्याच्या आधी जाळी हातानं विणायचे, ती फक्त श्रीमंतांना परवडायची. यंत्रावरची जाळी स्वस्त झाली, म्हणून नाचणाऱ्यांच्या घागऱ्याला इतके थर लावता आले. आणि त्याच जातीच्या जाळीच्या मच्छरदाण्या झाल्या. गरम देशांत पाठवल्या. म्हणजे आपल्याकडं. वाण एकच आहे, मॅडम. काही नाचायला गेली, काही पलंगावर."

परीक्षक बाईंनी लिहून घेतलं. "आणि वरचा थर निळा का?"

"शेळीनं खाल्ला पहिला."

बाईंनी पेन थांबवलं, मग तेही लिहिलं. टेबलावरच्या पाटीवर त्यांची नजर गेली. तिथे खाली लिहिलं होतं: शिवण, कल्याणराव हालगे, ताडकळस. खळ, शिवम्मा हालगे. "हे आलेत का?"

अप्पा भिंतीपासून दोन पावलं पुढे आले. चाळीस वर्षांत त्यांनी शिवलेल्या कशावरही त्यांचं नाव नव्हतं. मच्छरदाणीवर नाव कुठे घालायचं, असा प्रश्नही कधी पडला नव्हता.

"यात सगळ्यांत अवघड काय गेलं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"सैल टाके," अप्पा म्हणाले. "जन्मभर घट्टच घातले. भोक राहिलं तर मच्छर शिरतो. इथं सैल घालायचे हायत, हे हाताला पटंना. हात आपोआप आवळायचा."

"मग कसं जमलं?"

"बायकोनं घातले ते."

संघप्रियाला दुसरा नंबर मिळाला. पहिला हिमरू शालीला गेला, आणि शाल खरोखरच चांगली होती, असं अप्पांनी स्वतः जवळून पाहून सांगितलं. टूटू काचेच्या कपाटात ठेवायला कॉलेजने मागून घेतला. कपाट अरुंद होतं, म्हणून तो भिंतीवर खिळ्याला टांगला.

गुरुजी मोटारसायकलवर पुढे गेले. अप्पा आणि संघप्रिया दुपारच्या एसटीत बसले. अप्पांच्या मांडीवर आता काही नव्हतं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. गाडी परभणीच्या बाहेर पडली, तूर उभी असलेली शेतं लागली, तेव्हा ते म्हणाले, "संघप्रिया, त्या बाया नाचतेत कशा, ते दाव की."

ती त्यांच्याकडे वळली. "तुमी बघितलंच न्हाई?"

"झेरॉक्स बघितली की. नाच कुठं दावला तू?"

तिने मोबाइल काढला, एक नाच लावला आणि त्यांच्या हातात दिला. पांढऱ्या टूटूतल्या चोवीस-पंचवीस मुली एका रांगेत आल्या. अप्पांनी चष्मा पुसून परत घातला. आधी ते घेर बघत होते, वरच्या थराची कड कुठे वाकते ते बघत होते. गाडी एका फाट्यावर थांबली, माणसं उतरली, दोन कोंबड्या घेऊन एक बाई चढली. अप्पांनी मान वर केली नाही. एक मुलगी सगळ्यांत पुढे येऊन एका पायावर गोल गोल फिरू लागली. फिरता फिरता ती थांबेल असं वाटायचं, आणि ती थांबायची नाही.

नाच संपला. अप्पांनी मोबाइल परत दिला.

"थर किती होते हो त्येंच्या टूटूला?" संघप्रियाने विचारलं. "मला मोजता येईना कधी."

अप्पा खिडकीबाहेर बघत होते.

"बघितलंच न्हाई," ते म्हणाले. "मी पायाकडंच बघत बसलो. परत लाव जरा."